ड्राफ्टमधली मैत्रीण

४ फेब्रुवारी

प्रिय शाई,

मी मेले, ते मला काल सकाळी कळलं.

दात घासत होते. लेक मोबाइल हातात घेऊन बाथरूमच्या दारात आली, चेहरा पांढराफटक, आणि माझ्याकडे नुसती बघत राहिली. मी हातानेच विचारलं, काय झालं? तर म्हणाली, "आई, तू गेलीस." मग तिला हसू फुटलं, मग रडू फुटलं. माझ्या तोंडात पेस्ट होती, त्यामुळे मला यातलं काहीच धड करता आलं नाही.

बातमी तुझ्या पेजवर होती. 'आज एक आवाज थांबला.' खाली माझा लग्नाआधीचा फोटो, वेणी पुढे घेतलेला. लेकीने सगळा लेख मोठ्याने वाचला आणि मी स्टुलावर बसून ऐकला. लेख चांगलाच लांब आहे. चहा गार होऊन गेला.

आधी वाटलं, फोन उचलावा आणि तुला सणसणीत झाडावं. हल्ली मला असं अधूनमधून वाटतं आणि मग आठवतं. गेल्या वर्षी घशातली गाठ काढताना डॉक्टरांनी स्वरयंत्रही काढून घेतलं, हे तुला ठाऊक आहे. ठाऊक नसतं तर लेखात आलं नसतं. मोबाइलवर टाइप करायला जावं तर तो मेला मलाच शब्द सुचवतो. 'मी' लिहिलं की म्हणतो, 'मीटिंगमध्ये आहे'. म्हणून हे पत्र.

आता मुद्द्याचं. तू लिहितेस, 'गेलं वर्षभर दर गुरुवारी मी तिच्या उशाशी बसायची. ती पाटीवर लिहायची आणि मी ते मोठ्याने वाचायची, म्हणजे दोघींत मिळून एक आवाज पुरायचा.' दर गुरुवारी! अगं, तू माझ्या उशाशी शेवटची बसलीस ती माझ्या बाळंतपणात, आणि तेव्हाही अर्ध्या तासात तुला काम आठवलं. ऑपरेशनला तू आली नाहीस. नंतरही नाही. लेक तुला कळवत राहिली आणि तू दर वेळी जोडलेल्या हातांचं चित्र पाठवत राहिलीस.

मी मेले याचं एवढं काही नाही. पण माझ्या श्रोत्यांना माझा आवाज गेल्याचं माहीत नव्हतं. रेडिओवाले सकाळच्या कार्यक्रमात माझी जुनी रेकॉर्डिंग लावतात आणि मी 'रजेवर' आहे असं सांगतात. ते मी त्यांच्याकडून मागून घेतलं होतं. एवढं एक झाकलेलं राहू दे म्हणाले होते. तुझ्या लेखाने ते भर चौकात उघडं केलं.

दुपारी पाहिलं तर लेख गायब, आणि त्या जागी 'आमचं पेज हॅक झालं होतं, क्षमस्व'. हा हॅक करणारा कोण गं? माझ्या हनुवटीखालचा तीळ त्याला कसा माहीत? एकदा भेटव मला. लिहितो अगदी तुझ्यासारखं.

रागावलेय, ते लपवत नाही. पण त्याहून जास्त मला हे जाणून घ्यायचंय की मी इथे रोज उठून दात घासत असताना तू मला पोचवून कधी आलीस?

तुझा (अजून आहे तो)
भोंगा


११ फेब्रुवारी

प्रिय भोंगा,

तुझं पत्र आलं आणि हातातलं काम हातातच राहिलं. या नावाने तुला मी एकटीच हाक मारते, आणि आता ते लिहितानाही पेन अडखळतं. किती शरमले आहे ते कसं सांगू? दोन दिवस घास उतरला नाही.

जे झालं ते सगळं सांगते. आम्हा लिहिणाऱ्यांत हल्ली एक रीत पडली आहे. कुणी मोठं माणूस गेलं की तासाभरात त्याच्यावर लिहावं लागतं. दुसऱ्या दिवशी लिहिलं तर लोक विचारतात, आत्ता आठवण झाली होय? ज्याचा लेख आधी, तो जवळचा, असा हिशेब आहे. त्यामुळे ज्यांची तब्येत बरी नसते त्यांच्यावर आम्ही आधीच थोडं लिहून ठेवतो. मी एकटी नाही, सगळेच ठेवतात. गेल्या महिन्यात मी खोकले तेव्हा एका कवीने माझ्याकडे अशा मायेने पाहिलं की माझी खात्री आहे, माझ्यावरचा त्याचा लेख तयार आहे.

माझं पेज सून सांभाळते. त्या दिवशी ते म्हातारे समीक्षक गेले. मी व्याख्यानाला निघाले होते, गाडीतून तिला फोन केला की त्यांच्यावरचा लेख ड्राफ्टमध्ये आहे, टाक. आता ड्राफ्टमध्ये लेखाचं पहिलं वाक्य तेवढं दिसतं. आणि झालंय असं की त्यांचा लेख 'आज एक आवाज थांबला' असा सुरू होतो आणि तुझाही तसाच. वाक्य चांगलं होतं गं, म्हणून दोन्हीकडे वापरलं. सुनेने वरचा उचलला. फोटो मी प्रत्येक लेखाला आधीच जोडून ठेवते, त्यामुळे तिने उघडूनही पाहिलं नाही. मी व्याख्यान देत उभी, समोर लोक एकमेकांना मोबाइल दाखवताहेत, आणि मला वाटतंय माझं बोलणं रंगलंय.

हॅकचं सुनेने सुचवलं. त्या घडीला दुसरं काही सुचेना.

गुरुवारांबद्दल म्हणशील, तर ते पूर्ण खोटं आहे असं मी म्हणणार नाही. मनाने मी तुझ्याजवळच असायची. पण वाचकाला नुसतं मन पुरत नाही, त्याला प्रसंग लागतो, खुर्ची लागते, पाटी लागते. तू इतकी वर्षं माझं लिखाण ऐकलंस, तुला हे वेगळं सांगायला नको.

एक विनंती आहे. लेखक संघाची निवडणूक तोंडावर आली आहे आणि अध्यक्षपदाला मी उभी आहे. समोरचे लोक डोळ्यांत तेल घालून बसलेत. कुणी विचारलंच तर पेज हॅक झालं होतं, एवढंच म्हण. लेकीलाही सांगून ठेव.

गुडघ्यांनी उच्छाद मांडलाय, नाहीतर केव्हाच आले असते. लवकरच येते.

तुझीच
शाई


१७ फेब्रुवारी

प्रिय शाई,

मनाने तू दर गुरुवारी इथे होतीस हे बरं झालं कळवलंस. आधी माहीत असतं तर मीही मनातल्या मनात तुला चहा विचारला असता.

लेख लेकीने जपून ठेवलाय, तो मी परत वाचला. या वेळी स्वतः. 'आयुष्य म्हणजे दोन श्वासांमधलं मौन' असं मी पाटीवर लिहिलं, असं तू म्हणतेस. शाई, पाटीवर मी लिहिते 'पंखा बंद कर' आणि 'हा भात कच्चा आहे'. लेखातल्या त्या नर्सशी मी भांडले ते खरं आहे, पण तुला ते लेकीने कळवलं होतं आणि तू मात्र पलंगाच्या पायथ्याशी उभं राहून पाहिल्यासारखं लिहिलंस. त्यात भांडण इतकं गोड केलंस की मीच त्या बाईची माफी मागायला निघाले.

मग लेखात आपली दोघींची लग्नाआधीची खोली आली. जिन्याखालची, एका खिडकीची. तू पलंगावर मांडी घालून गोष्ट वाचतेयस, मी आरशासमोर केस विंचरतेय, आणि वाक्य खोटं वाटलं की मी कंगवा टेबलावर आपटतेय. तू चिडायचीस, 'तुला काय कळतं, तू बातम्या वाच' म्हणायचीस, आणि दुसऱ्या दिवशी ते वाक्य खोडलेलं असायचं. हे वाचताना लेकीचा गळा दाटून आला होता. माझ्याकडे गळा असता तर माझाही आला असता.

लेख चांगला आहे. माझा खरा राग त्याच्यावरच आहे. इतकं चांगलं तुला माझ्याबद्दल वाटत होतं तर मला कधी सांगितलं का नाहीस? ते ऐकायला मी आधी मरायला हवं होतं का?

हॅकचं मी कुणाला सांगणार नाही. लेकही सांगणार नाही. चुगली करायलाही आम्ही कुठे जाणार नाही, तेव्हा निवडणुकीपायी झोप उडवून घेऊ नकोस. मात्र माझं मागणं आहे. एक तर तुझ्या पेजवर खरं लिही, नाहीतर मला भेटायला ये. दोन्हीपैकी एक.

पुढच्या महिन्यात वीस तारखेला मला पुन्हा कापणार आहेत. डॉक्टर हल्ली माझ्याशी फार गोड बोलतात, त्याची मला भीती वाटते. जे करायचं ते त्याआधी कर.

तुझा
भोंगा


२६ फेब्रुवारी

प्रिय भोंगा,

लिहिलं! सगळं खरं लिहिलं.

सुनेने डोक्याला हात लावला. मुलगा म्हणाला, आई, निवडणूक गेली समज. मी कुणाचं ऐकलं नाही. दार लावून घेतलं आणि एका बैठकीत लिहून काढलं. पेज हॅक झालं नव्हतं, लेख माझाच होता, ते गुरुवार खोटे होते, मैत्रीण आजारी असताना मी तिच्या दारातही गेले नाही. काहीही झाकलं नाही. लिहिताना रडू आलं, वाचतानाही आलं.

आणि तुला खरं वाटणार नाही, पण लोकांनी मला उचलून धरलं. जन्मात कधी एवढे लाइक पाहिले नाहीत. एका बाईंनी लिहिलंय की तुमचं वाचून मी माझ्या बहिणीला फोन केला. संघातल्या दोघांचे फोन आले, ज्यांचं मत मी सोडून दिलं होतं त्यांचे. म्हणाले, हे धाडस तुम्हीच करू जाणे. वीस वर्षांनी मला परत लेखिका झाल्यासारखं वाटतंय, आणि ते तुझ्यामुळे.

लेकीने वाचून दाखवलं असेलच. आता तरी मनातला राग गेला ना? पटकन लिही. पत्राकडे डोळे लावून बसलेय.

तुझीच
शाई


३ मार्च

शाई,

वाचलं. लेकीने दोनदा वाचलं, दुसऱ्यांदा मी सांगितलं म्हणून.

'माझ्या मैत्रिणीचा आवाज गेला, पण माझा खरेपणा त्याच्या कितीतरी आधी गेला होता.' वा. तिथे लोक थांबणार, हे तुला लिहितानाच माहीत होतं. मलाही पहिल्यांदा ऐकताना माहीत होतं. मी आयुष्यभर माइकसमोर बसलेय, कुठे श्वास सोडला की माणसं रडतात हे मला तू शिकवू नकोस.

खाली सगळ्यांनी तुला प्रामाणिक म्हटलंय, पारदर्शक म्हटलंय, निडर म्हटलंय. मला म्हटलंय 'बिचारी'. एवढ्या गर्दीत मी कशी आहे हे विचारणारं एकच माणूस होतं, आणि त्यानेही ते तुला विचारलंय.

कोपऱ्यावरच्या फळवाल्याने तुझं लिखाण वाचलंय. काल मला पाहून "बाई, संत्री देऊ का?" असा ओरडला की अख्खी रांग मागे वळली. आवाज गेलाय, कान शाबूत आहेत, हे त्याला सांगायला पाटी जवळ नव्हती. मी मुकाट्याने संत्री घेतली. मला संत्री आवडत नाहीत.

हसलीस ना? आता पुढचं वाच. शनिवारी रेडिओचे साहेब घरी आले, फुलं घेऊन. फार चांगला माणूस आहे. म्हणाला, आता सगळ्यांना कळलंय, तेव्हा तुमची रजा आहे असं सांगून रेकॉर्डिंग लावत राहणं बरं दिसणार नाही. बंद केली. रोज सकाळी दहाला मी खिडकीपाशी बसून स्वतःला ऐकायची, शाई. घरात तेवढा अर्धा तास मी बोलत असायची. लेक स्वयंपाकघरातून 'हो ना' म्हणायची, जुन्या सवयीने. आता दहा वाजता कुणी नवीन मुलगी असते. बरी वाचते.

खरं लिही, असं मीच म्हणाले होते, तेव्हा याचा दोष तुला एकटीला देत नाही. माझंही रजेचं नाटकच होतं. पण मी दोन गोष्टींपैकी एक मागितली, आणि तू त्यातली चार लोकांना दिसणारी निवडलीस. दुसरी तशीच राहिली आहे.

भोंगा


६ मार्च

प्रिय भोंगा,

बुधवारी येते. एकटी. सुनेलाही सांगितलेलं नाही. मोबाइल घरी ठेवून येते.

शाई


१३ मार्च

प्रिय शाई,

तू आलीस आणि मला फार बरं वाटलं. हे आधीच लिहून टाकते, कारण पुढचं वाचलंस की तू हे विसरशील.

तुझे केस इतके पांढरे झालेत हे मला ठाऊकच नव्हतं. फोटोत तर काळे असतात. दारात तू मला आणि मी तुला बघत राहिलो तेव्हा लेकीला वाटलं, आता या दोघी भांडणार. मग तू खुर्ची जवळ ओढलीस आणि माझा हात धरलास. तुझे हात अजूनही थंडगार. मी गळ्याचा रुमाल सोडून दाखवला तेव्हा तू मान फिरवली नाहीस, नीट पाहिलंस, आणि "दुखतं का गं?" एवढंच विचारलंस. तो प्रश्न मला आजवर कुणी इतका साधा विचारला नव्हता. मला तुझा अभिमान वाटला.

आणि मग तू गेलीस. खुर्चीतच होतीस, हात हातात होता, पण गेलीस. मला ते ओळखू येतं. आपण एका खोलीत राहिलोय. तुझे ओठ डावीकडून किंचित हलायला लागतात. तू लिहीत होतीस. खिडकीतल्या औषधांच्या बाटल्या, पाटी, पाटीला दोरीने बांधलेलं ओलं फडकं, माझ्या घशातली ती शिट्टीसारखी घरघर, एकेक करून सगळं उचलत होतीस. मी पाटीवर तुला काहीतरी विचारलं होतं आणि तू वाचून "हो" म्हणालीस. मी विचारलं होतं, काय जेवणार?

रागावले नाही. मांजराला दुधाकडे बघू नको म्हणण्यासारखं आहे ते. निघताना तू जिन्यात थांबून पिशवीत काहीतरी शोधत होतीस, असं लेक म्हणाली. मोबाइल तर नव्हता, तेव्हा कागद शोधत असणार.

म्हणून आता मागते. बुधवारचं जे काही तुझ्या डोक्यात तयार झालंय, ते मला पाठव. मला एकटीला. हाताने लिहून, दुसरी प्रत न ठेवता. सुनेला नाही, पेजला नाही, पुढे कधी पुस्तकातही नाही. एवढी वर्षं लिहितेस, एकदा असं लिही की वाचणारी फक्त मी. कुणी वा म्हणणार नाही, कुणी रडणार नाही. जमतं का बघ.

वीस तारखेच्या आत पोचेल असं टाक. मला ते बरोबर घेऊन जायचंय.

तुझा
भोंगा


१६ मार्च

प्रिय भोंगा,

जिन्यात मी कागदच शोधत होते. सापडला नाही, तेव्हा खालच्या औषधांच्या दुकानात शिरले, नको असलेल्या डोकेदुखीच्या गोळ्या घेतल्या आणि पावतीच्या पाठीवर तिथेच उभी राहून लिहिलं. दुकानदार म्हणाला, बाई, पत्ता लिहायचाय का? मी हो म्हटलं.

तू जे विचारलं नाहीस ते सांगते. गुडघे दुखतात, पण न येण्याचं कारण ते नव्हतं. मी जे काही लिहिते ते आधी डोक्यात तुझ्या आवाजात ऐकते. जिन्याखालच्या खोलीपासून तसंच आहे. तुला कधी सांगितलं नाही, कारण तू चढून बसली असतीस. ऑपरेशनचं कळलं तेव्हा वाटलं, तुला गप्प पाहिलं तर माझ्या डोक्यातलाही आवाज जाईल, आणि मग मी कशाने लिहू? हे किती स्वार्थी आहे ते मला कळतं. तू कापलेल्या गळ्याने पडली होतीस आणि मी माझ्या वाक्यांची काळजी करत होते.

तो लेख मी त्याच आठवड्यात लिहायला घेतला, तू शुद्धीवर नव्हतीस तेव्हा. घाबरलं की माणसं धावत जातात, मी लिहायला बसते. लिहून झालं की मला जाऊन आल्यासारखं वाटतं. गुरुवारांचं तसंच झालं. लेक कळवत गेली तसे वर्षभर मी ते रचून लेखात घालत गेले, पण पुन्हा वाचताना मला ते आठवू लागले. तुझ्या खोलीतला पंखासुद्धा आठवायचा. त्यानंतर तुझ्याकडे न येणं सोपं होत गेलं.

बुधवारी मी तुला सोडून मध्येच गेले, हेही खरं. परत बोलावलं असतंस तर आले असते. पण तू बोलावणार कशी, हे आत्ता लिहिताना लक्षात आलं आणि पेन थांबलं.

तू मागितलेलं लिहितेय. जवळजवळ झालंय. इतकं मोकळं मी आजवर लिहिलेलं नाही. फक्त शेवटचा परिच्छेद जमत नाही. लिहिते आणि तो टाळ्यांचा होतो, फाडते, पुन्हा लिहिते, पुन्हा तेच. तुझ्या हातात पडायचा तो असा नको. एखादा दिवस दे. वीसच्या आत नक्की पोचवते.

तुझी
शाई


२७ मार्च

मावशी,

त्या दिवशी फोनवर मी तुमच्याशी नीट बोलले नाही, राग मानू नका. आईला शेवटपर्यंत शुद्ध आली नाही. त्रास झाला नाही असं डॉक्टर म्हणाले.

दवाखान्यात निघायच्या दिवशी ती मला सारखी खाली पाठवत होती, पेटीत टपाल आलंय का बघायला. काही नव्हतं. गाडीत बसताना तिने पाटीवर लिहिलं, 'वाक्यं घासत बसली असणार.' आणि हसली. तुम्हाला सांगावं की नाही ठरत नव्हतं, पण ती रागावलेली नव्हती, हे तुम्हाला कळायला हवं.

तुमचं पाकीट ती गेल्यावर आलं. शेजारच्या काकूंनी ठेवून घेतलं होतं. वर 'फक्त तिच्यासाठी' असं लिहिलंय. ते तसंच बंद आहे, आईच्या टेबलावर. खरं सांगते, उघडायचा फार मोह होतो. घर इतकं गप्प झालंय की तिच्याबद्दल कुणी काहीही सांगितलं तर ऐकावंसं वाटतं. ती बोलत नव्हती तरी घर असं गप्प नव्हतं.

तुमच्या पेजवर लोक काय लिहिताहेत ते वाचते. 'जिवंतपणी लेख आणि गेल्यावर चकार शब्द नाही.' 'निवडणूक जिंकली, मैत्रिणीचं काम संपलं.' तुम्ही बुधवारी आला होतात हे कुणालाच माहीत नाही. मला फार वाईट वाटतं. त्या पाकिटात जे आहे त्याने या लोकांची तोंडं बंद होणार असतील, तर मी ते तुम्हाला परत पाठवते. आता आई नाही, आणि लिहिलंय तुम्ही, त्यामुळे हक्क तुमचाच. तुम्ही सांगाल तसं करीन.

तुमच्या मैत्रिणीची लेक


३१ मार्च

बाळ,

तुझी आई मला नेहमीच बरोबर ओळखायची. मी वाक्यंच घासत बसले होते. शेवटचा परिच्छेद पहिल्यांदा जसा उतरला तसा टाकला असता, तर तो तिच्या हातात पडला असता. ही गोष्ट मला माफ करू शकणारं एकच माणूस होतं, आणि ते पेटीत टपाल बघायला तुला खाली पाठवत होतं.

इथे सगळे म्हणतात, एक ओळ तरी टाका. सून म्हणते, अध्यक्षांनी गप्प राहणं शोभत नाही. मी बसते. वाक्यं येतात, चांगली येतात, एकामागून एक येतात. रडू येत नाही. तुझं पत्र आल्यापासून 'पाकीट परत पाठव' असं दोनदा लिहिलं आणि दोनदा फाडलं. त्यात जे आहे ते मी जन्मात लिहिलेलं सगळ्यांत चांगलं आहे, हे मला माहीत आहे. प्रत ठेवली नाही. तेवढा एक शब्द पाळला. आठवून लिहायला जाते तर अर्धंमुर्धं येतं, आणि अर्ध्यामुर्ध्याखाली मी माझं नाव घालत नाही.

तुला वाचावंसं वाटलं तर वाच. ती मला बजावून गेली आहे, तुला नाही. वाचून ठेव, फाड, जाळ, तिच्या कपड्यांत घाल, तुझ्या मनाला येईल ते कर. मला मात्र परत पाठवू नकोस. उद्या मी फोन करीन. रडेन, तुझ्या आईची शेवटची आठवण आहे म्हणेन, नुसतं एकदा बघू दे म्हणेन. देऊ नकोस. माझ्या हातात पडलं तर संध्याकाळपर्यंत ते पेजवर असेल.

मावशी